नाहूमचं दुकान आणि आमची भट्टी

भाचीचं बाळंतपण कोलकात्याला करायचं ठरलं, तेव्हा धर्मापुरीतल्या आमच्या गल्लीत निम्म्या बायकांनी कपाळाला हात लावला. "एवढ्या लांब? तिकडं तर भातासंगं मासे खातात म्हणे!" पण जावयांची नोकरी तिकडं, डॉक्टरीण तिकडची, आणि आठव्या महिन्यात दोन दिवसांचा प्रवास कुणी करू देईना. मग लेकीनं माहेरी यायच्या ऐवजी माहेरच लेकीकडं निघालं. माहेर म्हणजे मी आणि माझ्या नणंदबाई. डिंक, खारीक, गोडंबी, अळीव, बाजरीचं पीठ आणि घरच्या तुपाचा डबा असं सगळं बांधून परळीला गाडीत बसलो, सिकंदराबादला गाडी बदलली आणि हावड्याला उतरलो. तुपाचा डबा वन्संनी सबंध प्रवासात मांडीवरून खाली ठेवला नाही.

मुलगी झाली. बारावं झालं. बाळंतीण जरा हिंडूफिरू लागली आणि एके दिवशी डिंकाचा लाडू हातात घेऊनच म्हणाली, "मामी, मला नाहूमचा केक खायचाय."

वन्संनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाळंतिणीनं केक खायचा? पोटात गोळे आले म्हणजे?"

"डॉक्टरनं काही बंद केलेलं नाही गं आई. आणि साधा केक नाही तो. एकशे वीस वर्षांपेक्षा जुनं दुकान आहे. ज्यू लोकांचं."

"ज्यू म्हणजे इराणीच ना? पुण्याला कयानीत श्रूजबेरीसाठी रांग लागते, ते?"

वन्संचा घोटाळा आपल्यापैकी पुष्कळजणींचा होईल, म्हणून सांगते. पुण्याची कयानी बेकरी १९५५ सालची, ती इराणहून आलेल्या झरतुष्ट्री लोकांची. ज्यू म्हणजे यहुदी. त्यांचा धर्म वेगळा, देऊळ वेगळं, आणि शनिवार त्यांचा विश्रांतीचा वार. मला हे पुस्तकातून कळलेलं नाही. बहात्तरच्या दुष्काळात आमच्याकडं विहिरीनं तळ दाखवला, तेव्हा वडिलांनी मला वर्षभरासाठी ठाण्याला मावशीकडं धाडलं होतं. मावशीच्या शेजारी एक आजी राहायच्या. नऊवारी नेसायच्या, हातात बांगड्या, बोलणं आपल्यासारखंच मराठी, थोडं अलिबागकडच्या हेलाचं. आडनावाच्या शेवटी 'कर'. मला वाटायचं कोकणातल्या कुणी असतील. पण शुक्रवारी दिवस कलला की त्यांची एकच धांदल उडायची. दुसऱ्या दिवसाचासुद्धा स्वयंपाक आधी उरकायचा, घर झाडायचं, आणि सूर्य मावळायच्या आत दिवा लावून डोळ्यांवर हात धरून काहीतरी पुटपुटायचं. त्यानंतर शनिवारी अंधार पडेपर्यंत त्यांची चूल पेटायची नाही. मी मावशीला विचारलं तर ती म्हणाली, "त्या बेने इस्रायली आहेत. शनवार पाळतात."

कोकणात ह्यांना फार पूर्वीपासून 'शनवार तेली' म्हणत. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून ते नाव. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष नि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांच्यात सांगण्याची कथा आहे. पुढं ज्या गावात राहिले त्या गावचं नाव लावलं. पेणकर, रोहेकर, किहीमकर, नागावकर. ठाण्याला टेंभी नाक्याजवळ त्यांचं प्रार्थनामंदिर आहे, १८७९ सालचं. त्या आजींकडं सण असला की मला ताट यायचं. त्यांच्या एका सणाला ते चक्क 'होळीचा सण' म्हणत, आणि त्याला पुरणपोळी असायची. नवीन वर्षाला चिकाचा हलवा. चीक म्हणजे आपण कुरडयांना काढतो तोच, गहू भिजवून, वाटून, गाळून. त्यात त्या नारळाचं दूध आणि साखर घालून आटवायच्या. गायीचं दूध का नाही, असं मी विचारलं होतं. मटणाच्या जेवणात दुधाचा पदार्थ चालत नाही, म्हणून नारळ, असं त्यांनी सांगितलं. नवस फेडायचा असला की मलिदा. भिजवलेले पोहे, खोबरं, साखर, वेलची आणि वर फळं, असं मोठं ताट एलियाहू नबीच्या नावानं ठेवायचं आणि मग सगळ्यांना वाटायचं. आपल्या सत्यनारायणाच्या प्रसादासारखी त्या मलिद्याची मी वाट बघायची.

पुढं ते कुटुंब इस्रायलला गेलं. मावशीला काही वर्षं तिकडून पत्रं यायची, मराठीतून.

तर "ज्यू" हा शब्द भाचीनं काढला आणि माझ्या डोळ्यांपुढं ती आजी उभी राहिली. म्हटलं, जाऊन तर येऊ. वन्संना घेतलं. त्या माळकरी. अंडं तर सोडाच, कांदा-लसूणसुद्धा चातुर्मासात बंद. "मी नुसती संगती येते वैनी, तुम्ही त्या गर्दीत हरवाल," असं म्हणून निघाल्या.

न्यू मार्केट म्हणजे एक लाल विटांचं गावच आहे म्हणा. टोकाला घड्याळाचा मनोरा आणि आत गल्ल्याच गल्ल्या. कुठं बांगड्या, कुठं साड्या, कुठं फुलं, कुठं चामड्याच्या बॅगा. १ जानेवारी १८७४ ला हे मार्केट उघडलं, ते मुळात गोऱ्या साहेबांसाठी. नंतर त्याला सर स्टुअर्ट हॉग मार्केट नाव मिळालं. १९८५ च्या डिसेंबरात ह्याचा एक भाग आगीत जळाला, पुन्हा बांधला. आम्ही डिसेंबरातच गेलो होतो. नाताळला तिकडं 'बडोदिन' म्हणतात, मोठा दिवस. सगळं मार्केट चमकीच्या झिरमिळ्यांनी भरलेलं होतं. दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा विचारायची वेळ आली नाही, कारण भाजलेल्या लोण्याचा वास आला आणि वन्संच पुढं झाल्या. "इकडंच असंल. आपल्या भट्टीचा वास आहे हा."

हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढं लागेल.

दुकान म्हणाल तर फार मोठं नाही. लाकडी कपाटं जुन्या सागवानाची, हात लागून लागून गुळगुळीत झालेली. काचेच्या पेट्यांत मांडलेला माल आणि पैसे घ्यायला जुन्या पद्धतीचं लाकडी टेबल. आजकालच्या केकच्या दुकानात कसं सगळं गुलाबी नि चकचकीत असतं, तसलं इथं काही दिसलं नाही. मला तर आमच्या अंबाजोगाईच्या जुन्या सराफाच्या पेढीची आठवण झाली. आणि गर्दी! भाऊबीजेच्या आदल्या दिवशी एस. टी. स्टँडवर असते तशी. म्हाताऱ्या बंगाली बायका, कॉलेजची पोरं, बुरख्यातल्या मायलेकी, एक सरदारजी, आणि आम्ही दोघी नऊवारी-पाचवारी.

रांगेत उभ्या उभ्या भाचीनं फोनवर सांगितलेलं आणि नंतर घरी बसून वाचलेलं, दोन्ही इथंच सांगून टाकते.

नाहूम इस्रायल मोर्डेकाय नावाचे गृहस्थ बगदादहून कोलकात्याला आले. त्यांनी १९०२ साली धंदा सुरू केला. आधी दारोदार फिरून माल विकला. मार्केटातली ही जागा घेतली १९१६ साली, आणि दुकान तेव्हापासून तिथंच आहे. त्यांच्यामागं मुलगा, मग नातू डेव्हिड नाहूम. डेव्हिडसाहेब कित्येक वर्षं त्या दुकानाचा चेहराच होते. २०१३ साली ते वारले. त्यानंतर कारभार भाऊ आयझॅक यांच्याकडं आला. म्हणजे तीन पिढ्या झाल्या.

पण घराणं टिकलं म्हणताना बाकीचं काय झालं तेही बघा. कोलकात्याला पहिला ज्यू व्यापारी आला १७९८ साली, शालोम कोहेन, सीरियातल्या अलेप्पो गावचा. मागोमाग बगदादकडचे आले. नीळ, रेशीम, अफू, जागा-जमिनी असे त्यांचे व्यापार होते. ठाण्याच्या आमच्या आजींच्या लोकांहून हे निराळे. आजींचे लोक इतकी शतकं कोकणात मुरलेले की देव सोडून सगळं मराठी झालेलं, आणि हे बगदादी घरात आधी अरबी बोलणारे, मग इंग्रजी. त्यांनी कोलकात्यात मोठमोठ्या इमारती बांधल्या, प्रार्थनामंदिरं बांधली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रह्मदेशातून निर्वासितांची भर पडली तेव्हा त्यांची वस्ती पाच हजारांच्या आसपास गेली होती. स्वातंत्र्यानंतर मात्र कुणी इंग्लंडला, कुणी इस्रायलला, कुणी ऑस्ट्रेलिया-अमेरिकेला असे निघाले. आज शहरात वीस-पंचवीस माणसं उरली असतील-नसतील.

एवढ्याशा समाजानं काय काय माणसं दिली ते ऐकून मी चाट पडले. १९४७ साली पहिली मिस इंडिया झालेली प्रमिला, म्हणजे एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, ही कोलकात्याची ज्यू मुलगी. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्याला पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली, ती शरणागती ठरवून आणणारे जनरल जेकब हेसुद्धा कोलकात्याच्या बगदादी घरातले. पुढं ते गोव्याचे राज्यपालही होते. आमच्या शाळेत बांगलादेशाच्या लढाईचे पोवाडे म्हटले जायचे, पण हे कुणी सांगितल्याचं आठवत नाही.

आणखी एक गोष्ट, खास आपल्यासाठी. १८८१ साली ज्यू मुलींसाठी काढलेली शाळा पार्क स्ट्रीटला अजून चालू आहे. नाव तेच आहे, ज्यूइश गर्ल्स स्कूल. ज्यू मुली आता नाहीत. वर्गात बहुतेक मुसलमान मुली शिकतात. आणि ज्यूंच्या त्या जुन्या प्रार्थनामंदिरांची झाडलोट, दिवाबत्ती, राखण पिढ्यान् पिढ्या मुसलमान घराणी करत आली आहेत. बातम्यांमध्ये ह्या दोन समाजांची नावं आपण फक्त लढाईच्या संदर्भात ऐकतो. इथं मात्र एकजण दुसऱ्याच्या देवळाची किल्ली कमरेला लावून हिंडतो आहे.

आता दुकानात परत येऊ, कारण आमचा नंबर लागला.

वन्सं पुढं झाल्या आणि त्यांनी त्यांच्या हिंदीत पहिलाच प्रश्न टाकला, "भैया, इसमें अंडा है क्या?" काउंटरमागच्या गृहस्थांनी अजिबात न हसता एकेका पदार्थाचं नाव घेऊन मान हलवायला सुरुवात केली. फ्रूट केक, अंडं आहे. लेमन टार्ट, आहे. मॅकरून, त्याचा जीवच अंड्याच्या पांढऱ्यात. तिकडं एक रम बॉल म्हणून मिळतो. त्याचं नाव ऐकल्यावर वन्संनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी दारूच्या दुकानात आणलं असावं त्यांना.

मी घेतलं ते असं. बाळंतिणीसाठी फ्रूट केक, सुकामेवा ठासून भरलेला, हातात घेतला तर विटेसारखा जड. जावयांना चीज समोसा. समोसा म्हणजे आपला तिकोनी नव्हे हं. करंजीसारखा अर्धगोल, आत चीज. ज्यू लोक त्याला सांबूसक म्हणतात. ओटी भरायच्या करंज्या आठवल्या मला, फक्त गोडाऐवजी खारट. आणि लिंबाच्या रसाचं सारण भरलेल्या त्या टार्ट, दोन. एक तिथंच उभ्यानं खाल्ली. पहिल्या घासाला आंबट लागतं आणि मग तोंडात लोणी विरघळतं. कृती विचारायचा मोह झाला, पण गर्दीत कोण कुणाला कृती सांगतंय?

शुक्रवार होता. काचेमागं एका बाजूला पाव ठेवले होते. सोनेरी-तपकिरी, वरून चकाकणारे आणि चक्क वेणी घातलेले! तिपेडी वेणी घालावी तशी कणकेची पेडं एकमेकांत गुंफून भाजलेली. वन्संनी मला कोपरानं ढोसलं, "वैनी, हे बघा, शेंडा कसा आत मुडपलाय. मी पोरींच्या वेणीचा मुडपते तसा."

त्या पावाला हाला म्हणतात. शनिवारच्या विश्रांतीसाठी शुक्रवारी संध्याकाळी जेवताना ज्यू घरात असे दोन पाव पानावर लागतात, वरून स्वच्छ कापड झाकलेलं. आणि हा पाव करताना बाईनं मळलेल्या कणकेतला एक गोळा आधी बाजूला काढायचा, तो देवाचा. तो खायचा नाही, विस्तवात टाकायचा. हे वाचलं आणि वाटलं, ह्यात नवल ते काय? पहिला घास चुलीला, पहिली भाकरी गायीला, काकबळी वेगळा, हे आपण करतोच की. ठाण्याच्या आजी गोळा काढायच्या का ते आठवत नाही. पण कणीक मळताना त्या काहीतरी म्हणायच्या आणि मी मध्ये बोलले तर हातानं थांबवायच्या, एवढं नक्की आठवतं.

मी काउंटरवरच्या त्या गृहस्थांना धीर करून विचारलं, "आप ज्यू हो?" ते आता मात्र हसले. नाही म्हणाले. बंगाली होते. कितीक वर्षं इथंच काम करत असल्याचं त्यांनी सांगितलं. मी इकडं तिकडं पाहिलं. माल बांधणारे, ट्रे आणणारे, पैसे घेणारे, सगळे इथलेच, कुणी हिंदू, कुणी मुसलमान. ज्यूंच्या दुकानातला ख्रिस्ती सणाचा केक हिंदू नि मुसलमान हातांनी बांधलेला आणि रांगेत उभी धर्मापुरीची माळकरी बाई! वन्संनी स्वतः काही खाल्लं नाही. पण पुडा बांधेपर्यंत त्या माणसाच्या हाताकडं टक लावून बघत होत्या. बाहेर पडल्यावर म्हणाल्या, "मालक घरचं नसलं तरी मन लावून बांधतंय बाई."

आता ते भट्टीच्या वासाचं सांगते.

आमच्या गावात एक भट्टी होती. खारी, टोस्ट, पाव आणि दिवाळीला नानकटाई. चालवणारे होते चाचा, मूळचे इथलेच, त्यांच्या वडिलांनी सुरू केलेली. नानकटाईतलं 'नान' म्हणजे फारशीत पाव किंवा रोटी. म्हणजे हा शब्दसुद्धा त्या लांबच्या बाजूनंच आपल्या दिवाळीच्या फराळात येऊन बसलेला. दिवाळीच्या आधी आठ दिवस आम्ही बायका रात्री डबे घेऊन भट्टीवर जायचो. मैदा घरचा, पिठीसाखर घरची, तूप घरचं. चाचा फक्त मजुरी घ्यायचे, किलोवर. तिथंच मोठ्या परातीत तूप-साखर फेसायची, मैदा मिसळायचा, गोळे करून पत्र्याच्या ट्रेमध्ये मांडायचे. प्रत्येकीच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी. आणि प्रत्येकीच्या मनात एकच धास्ती, आपल्या ट्रेतल्या नानकटाया दुसरीच्या डब्यात जाऊ नयेत. कारण आपलं तूप साजूक, तिचं डालडा! ह्यावरून भांडणंसुद्धा झालेली मी पाहिली आहेत. तिथं बसून आम्ही रात्री बारा-बारापर्यंत गप्पा मारायचो. सासूनं विचारलं तर "भट्टीवर नंबर लागला नव्हता" हे उत्तर तयार. खरं सांगायचं तर कित्येकींना वर्षातून तेवढ्याच रात्री घराबाहेर मोकळं बसायला मिळायचं.

चाचा गेले. मुलांपैकी एक औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कंपनीत लागला. दुसरा गाडी चालवतो. भट्टीचं लाकूड महागलं, पहाटे तीनला उठणं नव्या पोरांना जमेना. आम्ही घराघरात ओव्हन आणले किंवा परळीहून तयार पुडे आणू लागलो. भट्टीवर पंधरा-वीस वर्षं राबलेला एक हिंदू पोरगा होता. त्याला हात सगळं येत होतं. भट्टी मी चालवतो, भाडं देतो, असं त्यानं विचारलं होतं म्हणे. पण घरच्यांना वाटलं, आपलं नाव दुसऱ्याच्या हातात कसं द्यायचं? मग तो सेंटरिंगच्या कामाला लागला. भट्टी बंद पडली आणि चाची त्या शेडमध्ये सरपण ठेवू लागल्या.

त्या घरच्यांचंही चुकलं असं मला म्हणवत नाही. वाडवडिलांचं नाव परक्याच्या हाती देताना कुणाचाही हात अडखळेल. माझाही अडखळेल. आमच्या सासूबाईंच्या मसाल्याचं प्रमाण मी सुनेला अजून लिहून दिलेलं नाही, मग जावेच्या सुनेला कुठलं देणार? पण नाहूमच्या काउंटरवरच्या त्या माणसाला बघून मला सेंटरिंगवाला पोरगा आठवला, एवढं खरं. ज्यांची माणसं शहरात पंचवीसही उरली नाहीत त्यांचा केक रोज भाजला जातो. आणि आमच्या भट्टीच्या मालकाचं घर, नातवंडं-पतवंडं सगळी गावात असून तिथं सरपण.

तर येताना मी थोडी जादा खरेदी केली होती. केक बाळंतिणीचा, तो तिथंच संपला. (पोटात गोळे वगैरे काही आले नाहीत. वन्संनी तरी ओव्याचा काढा पाजलाच.) गावाकडं न्यायला मात्र डोकं चालवावं लागलं. घरच्या पुरुषमाणसांना साखर. वन्संच्या घरी अंडं नाही. चाचींसाठी काही न्यायचं तर त्यात रम नको. असं एकेक वजा करत मी मॅकरूनवर आले. पुन्हा जाऊन विचारलं, ह्यात दारूचा थेंब नाही ना? नाही म्हणाले. मॅकरून घेतले.

गावी आल्यावर चौथ्या दिवशी मी चाचींकडं गेले. त्या ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. डबा उघडून पुढं ठेवला. कोलकात्याच्या दुकानाचं सांगितलं. १९०२, बगदाद, तीन पिढ्या, सगळं. बगदाद म्हटल्यावर त्यांनी मान वर केली. "बगदाद? गौस पाक का शहर?" मी म्हटलं, "हो, तिथलेच. पण ज्यू." त्यावर त्या काही बोलल्या नाहीत. मॅकरूनचा तुकडा मोडला, तोंडात घोळवला, डोळे बारीक केले. चाचांची बायको ती, पन्नास वर्षं भट्टीचा माल चाखलेली.

"साखर ज्यादा है," म्हणाल्या. "और आंच कम. हमारे यहाँ ऐसा नहीं निकलता था."

मग म्हणाल्या, त्या दुकानात भट्टी कोण सांभाळतं? घरचं कुणी? मी म्हटलं, कामाची माणसं. बाहेरची. पुष्कळ वर्षांची.

त्या उठल्या. शेडकडं गेल्या, मीही मागं गेले. सरपणाच्या मागं भिंतीला टेकून ट्रे उभे होते, काळे पडलेले, जाळ्या धरलेले. चाचींनी पदरानं एक पुसला, उलटा करून बघितला, मग एकेक मोजले. अठरा होते. चोवीस असायला हवे होते म्हणाल्या. सहा कुठं गेले त्याचा विचार करत थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मी सेंटरिंगवाल्या पोराचं नाव काढलं. हल्ली तो कुठल्या बाजूला कामाला आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

निघताना दारात त्यांनी मला थांबवलं.

"दिवाली को अभी टाइम है. मगर तूप घर का लाना. डालडा लाएगी तो वापस भेजूँगी."